बाईंची आजची चूक

सहावीची मुलं गणिताच्या पहिल्या तासाला कशी बसतात, हे एकदा दाराच्या फटीतून बघण्यासारखं असतं. आदल्या वर्षापर्यंत हीच मुलं तळमजल्यावर धुडगूस घालत असतात. तिथल्या भिंतींवर ससे नि फुलपाखरं रंगवलेली. सहावीत गेलं की जिना चढून वर यायचं, आणि वरच्या भिंती अगदी कोऱ्या. त्यातून सुट्टीभर थोरल्या भावंडांनी कान भरलेले असतात. वरच्या गणितात आकडे नसतात, नुसती अक्षरं असतात. उत्तर शून्यापेक्षाही कमी येतं. एक मुलगा तर भागाकार करता करता आडवा झाला होता. मग पहिल्या दिवशी सगळा वर्ग हाताची घडी घालून, श्वास रोखून दाराकडे डोळे लावून बसतो.

त्या दारातून बाई यायच्या. उंचीने बेताच्या, चालीने तुरुतुरु, चष्मा नाकाच्या टोकावर आणि उजव्या हाताचं पहिलं बोट खडूने कायमचं पांढरं. आल्या आल्या त्या कोणाकडे बघायच्यासुद्धा नाहीत. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख लिहायच्या, तिच्याखाली रेघ मारायच्या आणि म्हणायच्या, "आधी आपण कुठल्या दिवशी आहोत ते कळू दे. गणित नंतर." मग वळायच्या.

"घाबरलात?"

एखादी मान हळूच हलायची.

"घाबरायलाच पाहिजे. मीसुद्धा घाबरते. आता या तासाला काय काय होणार ते ऐका, म्हणजे नंतर कोणी सांगितलं नाही म्हणून रडायला नको. आपण शून्याच्या खाली जाणार आहोत. तिथेही जिना आहे, तुम्ही लहान होता म्हणून खालच्या बाईंनी दाखवला नाही. मग क्ष भेटेल. तो भारी आगाऊ आहे, शेवटच्या ओळीपर्यंत नाव सांगत नाही. पुढे अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागायचंय, आणि भागूनसुद्धा उत्तर मोठं येणार आहे. तेव्हा माझ्याकडे असं बघायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं. रोज या फळ्यावर मी एक चूक करणार आहे. मुद्दाम. रोज एकच. जो पकडेल त्याने पुढे येऊन तिला लाल खडूने गोल करायचा, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लाल खडू त्याचा. कोणाला सापडलीच नाही तर घंटेच्या आधी मी स्वतः सांगीन. चूक या खोलीतून कोणाच्या घरी जाणार नाही, एवढा माझा शब्द."

एवढं ऐकलं की हाताच्या घड्या सुटायच्या. चूक करणाऱ्या बाई! आजवर बाईंनी मुलांच्या चुका काढायच्या असा शिरस्ता, आणि ही तर उलटीच तऱ्हा. आठवड्याभरात पोरं फळ्याकडे डोळ्यांत तेल घालून बघायला लागायची. वाटाण्याएवढी पोरं, पण बाईंनी उणेचं चिन्ह जरा आखूड काढलं तरी "चूक!" म्हणून ओरडायची. शाळेत बाईंना सगळे चूकबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

या तऱ्हेचा जन्म कसा झाला, ते मात्र बाईंनी नवऱ्याशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी घाबरून खरोखरच चूक केली होती. एका मुलाने ती दाखवली, वर्गात खसखस पिकली, आणि बाईंच्या तोंडून वेळ मारून नेणारं वाक्य निघून गेलं, "मुद्दाम केली होती. बघत होते, कोण जागं आहे." दुसऱ्या दिवशी पोरं चूक शोधायलाच बसली. मग करणार काय? केली एक. तेव्हापासून रोज सकाळी तोंड धुताना आजची चूक कोणती हे ठरवायचं आणि दिवसभर ती जिभेखाली गोळीसारखी धरून ठेवायची, ही बाईंची सवयच झाली. अख्खी नोकरी त्या एका थापेवर उभी होती म्हणा ना, आणि उत्तम उभी होती.

यंदाच्या सहावीत एक मुलगी होती. अंगाने काडी, हनुवटी टोकदार, बसायची खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर. मुलांनी तिचं नाव टाचणी ठेवलं होतं, आणि ते इतकं चपखल होतं की हजेरी घेताना बाईंच्या तोंडीही तेच यायचं. लाल खडू बहुतेक दिवस हिच्याच कंपासपेटीत.

एके दिवशी लसावि काढणं चाललं होतं. बाईंनी सकाळी ठरवलेली चूक अगदी शेवटच्या उदाहरणात होती. तिथे मीटरच्या जागी किलो लिहायचं होतं, म्हणजे जरा हसू होईल. अजून दोन उदाहरणं बाकी होती, आणि टाचणीचा हात वर गेला.

"बाई, चूक!"

"इतक्यात?" बाई हसल्या. अजून केलीच नाही तर सापडेल कुठून! "दाखव बरं."

"बारा आणि अठराचा लसावि छत्तीस ना, बाई? तुम्ही बहात्तर लिहिलाय."

बाईंनी वळून पाहिलं. बहात्तर होता. त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच पद्धतीने खाली रेघ मारलेला.

"मुद्दाम केली होती," त्यांच्या तोंडाने परस्पर सांगून टाकलं. टाळ्या झाल्या, गोल झाला. शेवटच्या उदाहरणात बाईंनी मुकाट्याने मीटरच लिहिलं.

चूक कोणाच्याही हातून होते, इतकी वर्षं शिकवल्यावर तर होणारच. बाईंनी शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना स्वतःला हे नीट समजावलं. पण चूक झाली याची त्यांना भीती वाटलीच नव्हती. भीती याची वाटली की तो बहात्तर लिहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. हात लिहीत होता, तेव्हा त्या कुठे होत्या? चहा तसाच ठेवून त्या उठल्या.

कारण बाईंनी हे एकदा जवळून पाहिलं होतं. त्यांची आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानावर यंत्र चढवून सगळ्या गावाला एकमेकांशी जोडून द्यायची. निम्म्या गावाचे नंबर तिला तोंडपाठ होते. डॉक्टरांचा विचारा, बंबवाल्यांचा विचारा, कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा विचारा. मग एके दिवशी बाजारातून ती शेजाऱ्याच्या हाताला धरून घरी आली. रस्ता सापडत नव्हता म्हणाली, नि आपणच हसली. शेवटी शेवटी बाई समोर जाऊन बसल्या की आई जुन्या, गोड, सरकारी आवाजात विचारायची, "नंबर प्लीज? कोणाशी बोलायचंय आपल्याला?" पोटच्या मुलीला 'आपल्याला' म्हणायची. बाई स्वयंपाकघरात जाऊन तोंडात बोळा कोंबून रडायच्या.

तो आवाज आता बाईंच्या कानात पुन्हा ऐकू यायला लागला.

त्यानंतर त्या फळ्यापुढे पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. प्रत्येक ओळ लिहून झाली की मागे सरून बघायच्या, ओठ हलवून पडताळायच्या. तरीही कधी टाचणी, कधी आणखी कोणी हात वर करायचंच. बाई म्हणायच्या, "मुद्दाम केली होती." कधी एका तासात दोनदा म्हणावं लागायचं. पोरं खूश! "बाई, आज दोन? आज काय आहे?" बाई म्हणायच्या, "तुम्ही हुशार झालात, एक पुरत नाही आता." असं म्हणताना हसायच्या, आणि पुसलेली ओळ पुन्हा पुसायच्या.

एकदा तर घंटा व्हायला आली आणि मुलं ओरडली, "बाई, आजची चूक नाही सापडली! सांगा!" बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सकाळी काहीतरी ठरवलं होतं, हे पक्कं आठवत होतं. काय ठरवलं होतं? केली की नाही केली? वरपासून खालपर्यंत त्यांनी स्वतःचंच अक्षर वाचलं, आणि ते अनोळखी माणसाचं असावं तसं दिसलं. पाठीमागे सगळा वर्ग वाट बघत होता.

"आज चुकीला सुट्टी," बाई म्हणाल्या आणि डस्टर फिरवला.

घरी त्यांनी कोणाला काही कळू दिलं नाही. घरी होतं तरी कोण? एक नवरा. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांची काळजी वाहणारा, स्वभावाने मिस्कील आणि कानाने तिखट माणूस. ओट्यापाशी बाई पुटपुटत पाढे म्हणताहेत, हे त्याला पहिल्याच दिवशी ऐकू आलं.

"काय गं, परीक्षा आहे का?"

"सहज म्हणतेय."

"सतराचा सहज कोण म्हणतं? मला मारूनमुटकून म्हणायला लावायचे."

बाई हसल्या नाहीत. दूध उतू गेलं, तेव्हा गॅसही त्यानेच बंद केला. मग हात पुसत, पाठमोरा राहूनच तो म्हणाला, "आपण एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ या का? नुसतं दाखवायचं. आमच्याकडे लोक येतात बघ, महिनोन्महिने डोळे बारीक करून वाचतात, पण मशीनपुढे हनुवटी ठेवायला घाबरतात."

"मला काय धाड भरलीय?" बाई अंगावरच आल्या. "दमलेय मी. माणूस दमूसुद्धा नये का तुमच्या घरात?"

तुमच्या घरात! लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर. तो वळला. त्यालाही तेच भय होतं, सासूबाईंचं शेवटचं वर्ष त्यानेही पाहिलं होतं. बाईंना त्याचं तोंड बघूनच ते कळलं, आणि म्हणून त्या आणखी चिडल्या. डॉक्टरकडे गेलं नाही तोवर तो नुसता थकवा होता. तिकडे गेलं की त्याचं काहीतरी नाव ठेवलं जाणार होतं.

घटक चाचणी झाली. पेपर तपासायला विज्ञानाचे सर मदतीला बसले होते. गठ्ठा निम्मा झाला तेव्हा ते म्हणाले, "बाई, कमाल आहे. अपूर्णांकांच्या भागाकारात तुमचा अख्खा वर्ग एकाच खड्ड्यात पडलाय. एकजात सगळ्यांनी पहिला अपूर्णांक उलटा केलाय. कॉपी केली म्हणावं, तर सगळ्यांनी मिळून? एक ती बारीक पोरगी तेवढी वाचलीय."

बाईंनी पेपर ओढून घेतले. तीन चतुर्थांशाला दोन पंचमांशाने भागा. दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं, उत्तर पंधरा अष्टमांश. इथे प्रत्येकाने आठ पंधरांश लिहिलं होतं. निळ्या शाईत, काळ्या शाईत, वळणदार अक्षरात, कोंबडीच्या पायांत, सगळीकडे आठ पंधरांश. टाचणी भागाकाराच्या तासाला तापाने घरी होती आणि पुस्तकातून शिकली होती.

म्हणजे चूक घरी गेली होती. एकाच्या नव्हे, सगळ्या वर्गाच्या घरी. मुलांनी ती दिव्याखाली बसून मन लावून घोटली होती, कारण बाईंनी घंटेआधी काही सांगितलं नव्हतं, म्हणजे ते बरोबरच असणार. आजवर भीती होती ती स्वतःपुरती. आता या पोरांचंही नुकसान व्हायला लागलं होतं.

"मी सांगते मुलांना," त्या सरांना म्हणाल्या. मग उठून मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत त्या गेल्याही. पडद्याला हात लावला आणि परत फिरल्या. आत जाऊन म्हणायचं तरी काय? आणि म्हटल्यावर उद्या सकाळी उठून जायचं कुठे?

दुसऱ्या दिवशी त्यांनी भागाकार पुन्हा शिकवला. "त्या दिवशी मी पहिला अपूर्णांक उलटा केला होता. मुद्दाम. तुम्ही कोणीच पकडलं नाहीत."

वर्ग ओशाळला. टाचणी उभी राहिली. उद्धटपणे नव्हे, तिला खरंच कळत नव्हतं. "पण बाई, तुम्ही घंटेआधी सांगता ना? चूक घरी जाऊ देत नाही ना आपण?"

"विसरले," बाई म्हणाल्या.

काही मुलं हसली. बाईसुद्धा विसरतात! टाचणी मात्र हसली नाही. ती बाईंकडे बघत राहिली, आणि बाईंना वाटलं, ही आता फळ्यावरचं नाही, आपल्याला वाचतेय.

"आणि हे बघा, चुकीचा खेळ आजपासून बंद," बाई घाईघाईने म्हणाल्या. "वार्षिक परीक्षा होईपर्यंत सरळ गणित शिकायचं. लाल खडू द्या इकडे."

तरी त्या आठवड्यात टाचणीने एकदा हात वर केलाच. चिन्ह चुकलं होतं. बाईंच्या हातातला डस्टर निसटून खाली पडला. टेबलाची कड धरून त्या ओरडल्या, "खेळ बंद झालाय म्हणून सांगितलंय ना! कळत नाही एकदा सांगून?" इतक्या वर्षांत त्या वर्गात कोणी बाईंचा असा आवाज ऐकला नव्हता. टाचणी खाली बसली, तिचे कान लाल झाले. बाईंनी चिन्ह दुरुस्त केलं. वाटलं, जवळ जाऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवावा. पण पाय उचलेना.

त्यानंतर हात वर यायचे थांबले.

पहिले काही दिवस बाईंना त्याची भीतीच वाटली. मग हळूहळू बरं वाटायला लागलं. तास संपायचा, मुलं वह्या मिटायची, आणि एकही चूक निघालेली नसायची. एक दिवस गेला, आठवडा गेला, आणखी गेले. म्हणजे खरंच थकवा होता तर! उगाच राईचा पर्वत केला आपण. बाईंना पुन्हा झोप लागायला लागली. एका संध्याकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, एक चूक नाही महिनाभरात. म्हणे डॉक्टर!" तो म्हणाला, "छान झालं गं," आणि त्याने त्या दिवशी दोन वेळा चहा केला. बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं असतं, तर त्याच्या कपाळावरची आठी तशीच आहे हे दिसलं असतं. पण बाईंना तेव्हा कुठलंच काही नीट बघायचं नव्हतं.

अशा हलक्या मनाने एके दिवशी त्या वर्गात आल्या. फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहिली, खाली रेघ मारली. पिशवीच्या तळाशी लाल खडू होता, तो बोटाला लागला आणि त्यांना जुनी हुक्की आली. न सांगता एक चूक टाकू या का? बघू तरी, कोण जागं आहे. आपण ठरवली, आपणच केली आणि आपल्याला आठवतेय, यातच किती सुख होतं!

त्यांनी आधी एका चौरसाची परिमिती काढून दाखवली. मग एल आकाराच्या खोलीचं क्षेत्रफळ घेतलं. त्या आकाराचे दोन आयत पाडले. "पहिला आयत, लांबी आठ, रुंदी सात." आणि अगदी सरळ चेहऱ्याने, ठळक अक्षरात लिहिलं, चोपन्न.

एकही हात वर झाला नाही.

बाईंना आतून हसू फुटत होतं. झोपलीत, मेली! सात आठे सुद्धा विसरली. असू दे, जरा पुढे जाऊ, मग कान पकडू. "दुसरा आयत, दहा गुणिले चार, म्हणजे चाळीस. आता दोन्ही मिळून किती? सगळ्यांनी सांगा."

"शहाण्णव!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

बाईंचा चौऱ्याण्णवमधला नऊ लिहून झाला होता. हात तिथेच थांबला.

चोपन्न आणि चाळीस, चौऱ्याण्णव. फळ्यावर चोपन्न होता आणि पोरं शहाण्णव म्हणाली होती. एकाने नाही, सगळ्यांनी. ना कोणी अडखळलं, ना कोणी शेजाऱ्याकडे बघितलं. छप्पन्न धरून, न बोलता, सवयीने बेरीज केली होती. सवय एका दिवसात लागत नाही, हे बाईंहून चांगलं कोणाला माहीत असणार?

त्या वळल्या. आपण काय करून बसलो, हे मुलांच्याही ध्यानात आलं होतं. पुढच्या बाकावरच्या एकाने तोंडावर हात ठेवला होता. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा विचारलं.

टाचणी उभी राहिली. "तुम्ही ओरडलात ना, तेव्हापासून. आम्ही हात वर केला की तुमचे हात थरथरतात, बाई. मग आम्ही मधल्या सुट्टीत ठरवलं. मनातल्या मनात बरोबर करून घ्यायचं, नि तुम्हाला सांगायचं नाही."

म्हणजे तो सगळा महिना, ती शांत झोप, सगळं या पोरांनी दिलेलं होतं. धावत सुटावं, जिना उतरून रस्त्यावर जावं, कुठेही जावं, असं बाईंना वाटलं. पण पाठीशी फळा होता. त्यावर जे काही लिहिलेलं होतं, ते घंटा झाली की घरी जाणार होतं.

त्यांनी पिशवीतून लाल खडू काढला आणि टाचणीपुढे धरला. "ये. आज जे जे चुकलंय, त्याला गोल कर."

टाचणीने चोपन्नला गोल केला आणि खडू परत द्यायला हात पुढे केला.

"सगळ्याला," बाई म्हणाल्या.

मुलीने एकदा वर्गाकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मग ती चौरसाकडे गेली. बाजू नऊ, परिमिती बत्तीस. तिथे गोल केला. नऊ चोक छत्तीस. ही चूक बाईंनी ठरवलेली नव्हती. तो बत्तीस लिहिल्याचं त्यांना आठवतच नव्हतं. मग टाचणी चवड्यांवर उभी राहिली, फळ्याच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत हात ताणला आणि तारखेला गोल केला.

बाई तारखेकडे बघत राहिल्या. आकडा वाचला, महिना वाचला, पुन्हा आकडा वाचला. खालून प्राथमिकच्या मुलांचा गलका वर ऐकू येत होता. तिथे काय चुकलंय, ते बाईंना दिसेना.

"यात काय चुकलं गं?" त्यांनी हळूच विचारलं.

टाचणीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ती थांबली नाही. बाईंनीच शिकवलं होतं तसं, घाई न करता, एकेक पायरी तिने सांगितली. "तारीख बरोबर आहे, बाई. महिना शाळा उघडली तेव्हाचा लिहिलाय. आता तो नाहीये. तुम्ही बरेच दिवस तोच लिहिता. तुम्ही गेलात की आम्ही पुसतो नि बरोबर लिहितो."

पुढच्या बाकावरचा मुलगा न सांगता सरकला. बाई त्याच्या शेजारी, मुलांच्या बाकावर, मुलांसारख्या बसल्या. गुडघे फळीला लागत होते. पहिल्या दिवशी ही पोरं याच बाकांवर बसून फळ्याकडे बघत होती, तेव्हा त्यांना काय वाटत असेल, ते आज बाईंना पुरतं कळलं. समोर काय लिहिलंय ते आपल्याला समजत नाही, आणि सगळं जग ते समजून बसलंय.

घंटेला थोडाच वेळ उरला होता.

"लक्ष द्या," बाई म्हणाल्या. आवाज फाटका होता, पण मागच्या बाकापर्यंत पोचला. "चोपन्न मी मुद्दाम लिहिला होता. बाकीच्या दोन चुका मुद्दाम केल्या नव्हत्या. लसाविची पण नव्हती. भागाकाराची पण नव्हती. तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकतंय, आणि कुठे चुकतंय ते मला कळत नाहीये. मला फार भीती वाटतेय."

मागे कोणीतरी नाक ओढलं.

"आणि चूक दिसली की हात वर करायचा. कोणाचीही असो. बाईंचे हात थरथरले तरी करायचा. आता चोपन्नच्या जागी छप्पन्न नि बत्तीसच्या जागी छत्तीस लिहून घ्या सगळ्यांनी."

मुलांनी लिहून घेतलं. टाचणीने महिना दुरुस्त केला. घंटा झाली. लाल खडू बाईंनी मागितला नाही, तो तिच्याकडेच राहिला.

बाहेर व्हरांड्याच्या टोकाला, जिन्यापाशी उभ्या राहून बाईंनी चष्म्याच्या दुकानात फोन लावला. नंबर बोटांनी आपोआप लावला, आणि तो लागला याचंही त्यांना हायसं वाटलं.

"अहो, डॉक्टरांकडे जायचं म्हणत होतात ना?"

पलीकडे भिंग घासायचं यंत्र घरघरत होतं, ते बंद झालं. "हो. मी वेळ घेऊन ठेवतो. उद्या जाऊ या का?"

"उद्या नको. आत्ताच या. मी मुख्याध्यापकांना सांगून फाटकापाशी थांबते." जिन्याचा कठडा त्यांनी घट्ट धरला होता. "उद्यापर्यंत मी घाबरून पुन्हा नाही म्हणेन."

"निघालोच," तो म्हणाला, आणि फोन ठेवायच्या आधीच दुकानाचं दार उघडल्याचा आवाज आला.